अन्व्याच्या मूर्तीचा हात आणि कॅमेऱ्याचा आकडा

१/२०
जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात अन्वा हे गाव आहे. तेथील बाराव्या शतकाच्या सुमाराचे मंदिर परिसरात ‘मढ’ म्हणून ओळखले जाते. आज गाभाऱ्यात शिवलिंग आहे. बाह्य भिंतींवर मात्र विष्णूच्या शक्तिरूपांच्या स्त्रीमूर्ती कोरलेल्या आहेत. या मूर्तींच्या हातांत नेमके काय आहे, हा प्रश्न मूर्तिशास्त्राचा. त्या हातांतील वस्तू छायाचित्रात किंवा व्हिडिओत ओळखता येते का, हा प्रश्न कॅमेऱ्याचा. हा धागा दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्यावरच अवलंबून असते.

२/२०
शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधे आणि चार हात. त्यांची मांडणी ४ × ३ × २ × १, म्हणजे बरोबर २४ प्रकारे होऊ शकते. केशव, नारायण, माधव, गोविंद या क्रमाने येणारी विष्णूची चोवीस रूपे या मांडणीवरूनच ओळखली जातात. त्यांच्या शक्तींनाही स्वतंत्र नावे आहेत: केशवाची कीर्ती, नारायणाची कांती, माधवाची तुष्टी. दोन हातांतील आयुधांची अदलाबदल झाली की देवताच बदलते. झिजलेले पद्म चक्रासारखे दिसले, तर अभ्यासकाच्या वहीत चुकीचे नाव लिहिले जाते आणि पुढच्या दहा वह्यांत तेच उतरते. काही मिलिमीटरचा तपशील येथे इतिहासाचा पुरावा ठरतो.

३/२०
वारसास्थळांच्या व्हिडिओंवर हल्ली ‘४के’, ‘८के’ अशी बिरुदे झळकतात आणि ती पाहून पुरावा उत्तम असल्याचे गृहीत धरले जाते. हे गृहीतक चुकीचे आहे. चित्राची गुणवत्ता ही एक साखळी आहे: प्रकाश, भिंग, सेन्सर, रंगांची मोजणी, डेटाचे आकुंचन आणि शेवटी जतन. पिक्सेलची संख्या ही त्यातील केवळ एक कडी. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते, हे समजण्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे मागे, याच परिसरात जावे लागते.

४/२०
रॉबर्ट गिल हे नाव मराठी वाचकांना परिचित आहे ते पारोच्या कथेमुळे, ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ काव्य आणि २०१२ मधील त्याच नावाचा चित्रपट यांमुळे. मद्रास सैन्यातील या अधिकाऱ्याकडे १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्याचे काम सोपवले गेले. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. त्याच्या छायाचित्रांचे दोन संग्रह जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. अजिंठ्याच्या गुंफांपुरताच तो थांबला नाही. १८६० च्या दशकात त्याने अन्वा येथील मंदिराचीही छायाचित्रे घेतली. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

५/२०
त्या काळी प्रचलित असलेली पद्धत होती ओल्या कलोडियनची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ती १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा चिकट थर पसरायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून प्रकाश द्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. हा सारा व्यवहार साधारण दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे. थर वाळला की काच निकामी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही मुदत किती आखडत असेल, याची कल्पना करता येते. प्रत्येक छायाचित्रामागे तयारी होती आणि म्हणूनच प्रत्येक छायाचित्रामागे निर्णयही होता.

६/२०
त्या काचेवर पिक्सेल नव्हते, तरी तपशील विपुल असे. याची कारणे साधी आहेत. कलोडियनमधील चांदीचे कण अतिशय सूक्ष्म असत. काचेचा पृष्ठभाग सपाट आणि स्थिर असे. छापील प्रत काचेवरच कागद ठेवून, म्हणजे मूळ आकारातच काढली जाई; लहान चित्र ताणून मोठे करण्याचा प्रसंग सहसा येत नसे. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवलेला असे. यांतील एकही कारण कोणत्याही आकड्याच्या बिरुदात मावत नाही आणि आजच्या व्यावसायिक कॅमेऱ्यालाही यांतील एकही कारण टाळता आलेले नाही.

७/२०
त्या पद्धतीच्या उणिवाही मोठ्या होत्या. कलोडियनला प्रामुख्याने निळा आणि अतिनील प्रकाशच जाणवे. म्हणून जुन्या छायाचित्रांत आकाश कोरे पांढरे दिसते आणि लाल वस्तू काळवंडतात. प्रकाश अनेक सेकंद द्यावा लागे. तेवढ्या वेळात हललेला माणूस धूसर सावली बनून राही. गिलच्या काळातील मंदिरे स्पष्ट दिसतात, कारण दगड हलत नाही. ज्या साधनाच्या मर्यादा ओळखून विषय निवडला जातो, ते साधन चांगले काम करते. उलट विषय आधी ठरलेला असेल, तर मर्यादा ओळखून साधन आणि पद्धत निवडावी लागते.

८/२०
तपशील हरवण्याची पहिली पायरी कॅमेऱ्यानंतर आली. फर्ग्युसनच्या १८७६ च्या भारतीय स्थापत्याच्या इतिहासग्रंथात अन्व्याच्या मंदिराचा द्वारमंडप आहे, पण छायाचित्र म्हणून नव्हे. छायाचित्रावरून लाकडात कोरलेला ठसा म्हणून. मजकुराबरोबर एकाच पानावर छापण्याची ती सोयीची रीत होती. कोरणाऱ्याने खांब, तुळया, छाया नेटकेपणाने उतरवल्या. पण जे त्याला महत्त्वाचे वाटले तेवढेच उतरले. आज हे काम सॉफ्टवेअर करते. डेटा आकुंचित करणारी प्रणालीही ‘डोळ्यांना फारसे जाणवणार नाही’ असे ठरवून तपशील गाळते. निकष तिचा असतो, मूर्तिशास्त्राचा नसतो.

९/२०
आता आधुनिक कॅमेऱ्याकडे. पहिली कडी भिंग. अ‍ॅपर्चर फार लहान केले की प्रकाश कडेशी वळतो आणि प्रत्येक बिंदूचा ठिपका होतो. हिरव्या प्रकाशासाठी एफ १६ ला त्या ठिपक्याचा व्यास सुमारे २१ मायक्रॉन येतो. एफ ४ ला सुमारे ५ मायक्रॉन. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर ८के मावायचे तर प्रत्येक पिक्सेल साधारण ४.७ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एफ १६ ला घेतलेल्या चित्रात एकच ठिपका आडव्या दिशेने चार-पाच पिक्सेलवर पसरतो. आकडा ८के चा, तपशील मात्र त्याहून बराच कमी. हे भौतिकशास्त्र आहे. महागड्या कॅमेऱ्यालाही त्यातून सूट नाही.

१०/२०
दुसरी कडी सेन्सर. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, सुमारे २१ लाख पिक्सेल. ४के म्हणजे ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख. ८के म्हणजे ७६८० × ४३२०, सुमारे ३.३ कोटी. पण बहुतेक सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाळणीत निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी, पाव लाल आणि पाव निळ्यासाठी असतात. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणूनच अनेक व्यावसायिक कॅमेरे ६के किंवा ८के वर टिपून ४के चित्र तयार करतात. जास्तीचे पिक्सेल येथे कामाला येतात, पण मिरवण्यासाठी नव्हे. अंदाजाची चूक कमी करण्यासाठी.

११/२०
तिसरी कडी प्रकाशाची. प्रकाश कणांच्या रूपाने येतो आणि कणांच्या संख्येत नैसर्गिक चढउतार असतो. पिक्सेलमध्ये १०,००० कण नोंदले गेले तर चढउतार सुमारे १०० चा, म्हणजे १ टक्का. नोंदले फक्त १०० गेले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. अंधाऱ्या मंडपात चित्रावर दिसणारी खरखर हीच. तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा प्रकाश घटतो. मोबाइलचा इवलासा सेन्सर आणि व्यावसायिक कॅमेऱ्याचा मोठा सेन्सर यांवर एकच ‘४के’ लिहिलेले असले, तरी त्यांनी गोळा केलेला प्रकाश सारखा नसतो.

१२/२०
चौथी कडी उजेड आणि अंधार यांच्यातील अंतराची. मंदिराबाहेर दुपारी झळाळते ऊन आणि आत गाभाऱ्यात मिणमिणता प्रकाश. दोन्ही एकाच चौकटीत टिपायचे तर कॅमेऱ्याची डायनॅमिक रेंज मोठी हवी. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो. १४ स्टॉप म्हणजे १ ला सुमारे १६,००० चे प्रमाण. ती अपुरी असेल तर बाहेरचा भाग पांढरा होऊन जळतो किंवा आतली मूर्ती काळ्या डागात बुडते. जळलेल्या भागात माहिती शिल्लकच नसते. नंतर कितीही संस्कार केले तरी तेथे शंख उमटत नाही.

१३/२०
पाचवी कडी छटांच्या मोजणीची. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १,०२४. दगडावरील उथळ कोरीवकामात प्रकाशाचा फरक अत्यंत हळुवार असतो. पायऱ्या कमी पडल्या की तो हळुवारपणा पट्ट्यापट्ट्यांत तुटतो. व्यावसायिक कॅमेऱ्यातील ‘लॉग’ ही नोंदपद्धत उपलब्ध पायऱ्या उजेड आणि सावली यांच्यात अधिक न्यायाने वाटते. असे मूळ चित्र प्रथमदर्शनी फिके, निस्तेज दिसते आणि म्हणून अनेकांना नापसंत पडते. पण पुरावा म्हणून तेच अधिक प्रामाणिक असते. भडक रंग ही बहुधा नंतरची सजावट.

१४/२०
मग स्थिर छायाचित्र असताना व्हिडिओ कशाला? उत्तर पुन्हा गिलपाशीच आहे. १८६४ मधील त्याच्या एका संग्रहात शंभर स्टिरिओ चित्रे होती: दोन डोळ्यांच्या अंतराने घेतलेल्या जोड्या, दर्शकयंत्रातून पाहिल्या की खोली दिसणारी. झिजलेल्या मूर्तीत उंचवटा कोठे संपतो आणि भेग कोठे सुरू होते, हे खोलीवरूनच कळते. रुळावरून संथपणे सरकणारा व्हिडिओ कॅमेरा तीच खोली जोडीऐवजी शेकडो चौकटींतून देतो. मात्र सेकंदाला २५ चौकटी घेताना एका चौकटीला सेकंदाच्या पंचविसाव्या भागापेक्षा अधिक वेळ देता येत नाही. प्रघात पन्नासाव्या भागाचा आहे. गिलला मिळणारे सेकंद येथे नाहीत. त्यांची भरपाई प्रकाशयोजना, मोठे भिंग आणि संथ हालचाल यांनीच होते.

१५/२०
सहावी कडी आकुंचनाची. आकुंचन न केलेला १० बिटचा ४के व्हिडिओ, रंगांची माहिती आडव्या दिशेने निम्मी ठेवूनही, सेकंदाला सुमारे ५१८ मेगाबाइट जागा घेतो. दहा मिनिटांना सुमारे ३११ गिगाबाइट. एखाद्या उपकरणाने तेच सेकंदाला ५० मेगाबिटमध्ये बसवले तर डेटा सुमारे ८३ पट घटला. हे साधते कसे? बरेचसे एका चौकटीवरून पुढची चौकट ‘भाकीत’ करून. स्थिर भिंतीवर भाकीत चांगले साधते. पण पाने हलू लागली, धूळ उडाली, कॅमेरा झपकन वळला की प्रणालीची कुवत तिकडे खर्ची पडते आणि दगडाचा पोत मेणासारखा गुळगुळीत होतो.

१६/२०
आता सारे एका भिंतीवर आणून पाहावे. समजा चौकटीत ८ मीटर रुंदीची भिंत आहे. फुल एचडीत एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे ४.२ मिलिमीटर दगड येतो, ४के मध्ये २.१, ८के मध्ये १. चार सेंटिमीटरचे चक्र फुल एचडीत जेमतेम दहा पिक्सेलांत उरकते. पण हाच फुल एचडी कॅमेरा पुढे नेऊन चौकट २ मीटरवर आणली, तर त्याच्याही एका पिक्सेलला १ मिलिमीटर दगड येतो. म्हणजे लांबून घेतलेल्या ८के इतकाच तपशील. चार वेळा थांबून घेतलेले जुन्या कॅमेऱ्याचे चित्र हे एकदाच वरून फिरलेल्या ड्रोनच्या चित्राइतके, कित्येकदा त्याहूनही उपयुक्त ठरू शकते. पावले आणि वेळ हीदेखील कॅमेऱ्याची साधने आहेत.

१७/२०
या मतावर एक रास्त आक्षेप आहे. गावातील मुलाच्या हाती मोबाइल आहे. व्यावसायिक कॅमेरा, रूळ, दिवे त्याने आणावेत कोठून? आक्षेप मान्य करावा. तारीख आणि ठिकाण माहीत असलेला सामान्य व्हिडिओ हा न घेतलेल्या उत्कृष्ट व्हिडिओपेक्षा केव्हाही मोलाचा. मूर्तीचा हात पुढच्या पावसाळ्यानंतर तसाच राहील, याची खात्री कोणी द्यावी? हरकत मोबाइलला नाही. हरकत आहे ती ‘८के मध्ये चित्रीकरण झाले, आता दस्तऐवजीकरण पूर्ण’ या समाधानाला. कारण असे समाधान पुढच्या, अधिक काळजीपूर्वक नोंदीची दारे बंद करते.

१८/२०
शेवटची कडी जतनाची आणि इतिहासात सर्वांत निर्दय तीच ठरली आहे. गिलने वर्षानुवर्षे खपून रंगवलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. मुंबईच्या कला विद्यालयातील जॉन ग्रिफिथ्स आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या; त्यांतीलही अनेक लंडनमध्येच १८८५ च्या आगीत सापडल्या. गिलची छायाचित्रे मात्र टिकली. ती अधिक सुंदर होती म्हणून नव्हे. ती पुस्तकांतून अनेक प्रतींमध्ये विखुरलेली होती म्हणून. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

१९/२०
आजची आग अधिक शांत आहे. समाजमाध्यमावर चढवलेला व्हिडिओ तेथे पुन्हा आकुंचित होतो. मूळ फाइल मेमरी कार्डावर जागा हवी म्हणून पुसली जाते. कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणत्या भिंगाने हे टिपले, याची नोंद उरत नाही. म्हणून वारशाच्या चित्रीकरणाला पैसा देणाऱ्यांनी पिक्सेलच्या आकड्याआधी पाच गोष्टी मागाव्यात: मूळ, असंस्कारित फाइल, तारीख, ठिकाण आणि दिशा, चौकटीत मोजपट्टी आणि रंगपट्टी, तिरप्या प्रकाशात किमान एकदा चित्रण, आणि दोन वेगळ्या गावी ठेवलेल्या प्रती. महागडा कॅमेरा भाड्याने मिळतो. ही शिस्त भाड्याने मिळत नाही.

२०/२०
फर्ग्युसनच्या ग्रंथात अन्व्याची ओळख अजिंठ्याजवळचे ठिकाण एवढीच होती. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. मंदिराला नवा जिल्हा मिळाला, भिंतीवरच्या मूर्ती त्याच राहिल्या. त्यांच्यासमोर पूर्वी तिवईवरचा लाकडी कॅमेरा उभा राहिला, आज ड्रोन घिरट्या घालतो, उद्या आणखी काही येईल. प्रत्येक साधनाला एकच कसोटी पुरेशी आहे. चित्र पाहून अनोळखी अभ्यासकाला, शंभर वर्षांनंतर, मूर्तीच्या चारही हातांतील आयुधे निःशंकपणे सांगता यावीत. तेवढे साधले तर कॅमेऱ्यावरचा आकडा कोणी विचारणार नाही. आणि ते साधले नाही, तर तो आकडा सांगूनही काही उपयोग नाही.